उलटा धवला

राहनाळच्या जानकीबाईचा देवावर विश्वास होता, आणि विश्वासाचा विषय तिथेच संपत होता. माणसांचं नाव काढू नका. मुलगा भाविक गोदामात सुपरवायझर, तो एखाद्या दिवशी लवकर घरी आला तर ही उंबऱ्यातच विचारायची, "सुटलास का काढला?" सून निशाने कालवणात जरा जास्त खोबरं घातलं की हिला वाटायचं, आता ही काहीतरी मागणार. आणि गंमत म्हणजे दहातल्या चार वेळा तिचं खरं निघायचं. त्या चार वेळांच्या जोरावर ती उरलेल्या सहा वेळा बिनदिक्कत चुकायची.

जानकीबाई धवलारीण. शहरातल्या माणसाला वाटतं, धवलारीण म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी बाई. हॅ! गाणी काय, मोबाईलही म्हणतो. धवलारीण लग्न लावते. घाणा कधी भरायचा, उंबराची डहाळी मांडवाला कुणी बांधायची, हळदीचं ताट कुणाच्या हातून कुणाकडे जायचं, हे सगळं धवल्यात असतं. ती एकेक ओळ म्हणते आणि सवाष्णी ती ओळ हाताने करतात. ती थांबली की हात थांबले. जानकीबाईने पन्नास वर्षं पंचक्रोशीतली लग्नं अशीच लावली, ना वाजंत्री ना माईक, नुसत्या गळ्यावर. पण अलीकडे लोक पंधरा मिनिटं तिला बसवायचे, एक धवला म्हणून झाला की "आजी, चा घ्या" म्हणून उठवायचे, आणि मग डीजे सुरू. तिच्यामागे शिकणारी एकही पोर नव्हती. तिने कुणाला शिकवलंही नव्हतं. कशाला शिकवायचं? शिकून घेतील आणि आपल्यालाच बाहेर बसवतील.

अशा बाईच्या दारात दिवाळीनंतरच्या एका दुपारी बाळाराम येऊन उभा राहिला.

बाळाराम म्हणजे खाडीकडच्या गावचा हळदीचा गायक. चाळीस वर्षं स्टेजवर. काळा चष्मा, गळ्यात बोटाएवढी चेन, आणि आवाज असा की मंडपाच्या कनाती हलायच्या. त्याचं गाणं लागलं की म्हातारेसुद्धा खुर्ची सोडून नाचायचे. आता वय त्रेसष्ट. त्या दिवशी मात्र चष्मा नव्हता, चेन नव्हती, गळ्याला मफलर होता, आणि तो इतक्या हळू बोलत होता की जानकीबाईला पुढे वाकावं लागलं.

"वैनी, मला धवले शिकवा. आठ धवल्यांचा अल्बम करायचाय. ढोल न्हाय, डीजे न्हाय, काय न्हाय. जसे हायेत तसे."

जानकीबाईने त्याला पायापासून मफलरपर्यंत बघून घेतलं. हा माणूस आणि धवले! वाघाने येऊन सांगावं, मी आता भात खातो.

शिवाय तिच्या मनात जुनं होतं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हाच बाळाराम तिच्या सासूकडे, तुळजाआईकडे, असाच येऊन बसायचा. गोड बोलून त्याने उंबराच्या डहाळीचा धवला ऐकला आणि पुढच्या लग्नसराईत त्याच चालीवर नाचाचं गाणं काढलं. शब्द असे की बायकांनी पदर तोंडाला लावावा. कॅसेट तुफान चालली. तुळजाआईने मात्र तो धवला पुन्हा कधी म्हटला नाही. म्हणायला लागली की पोरं खिदळायची, नाचायची. मरेपर्यंत तिने बाळारामचं तोंड पाहिलं नाही. एक अख्खा धवला या माणसाने जिवंतपणी मारला होता.

"आताच काय आठवण जाली?" जानकीबाईने विचारलं.

"घशात गाठ हाय. डाक्टर बोलतो, ओरडणं बंद. शिमग्यानंतर ऑपरेशन. पुढे आवाज राहील, न्हाय राहील." तो खाली बघत म्हणाला. "जन्मभर बोंबललो वैनी. एकदा नीट गायचंय."

दुसरी कुणी असती तर तिचे डोळे भरले असते. जानकीबाईच्या मनात आलं, घशाचं खोटं असणार. मफलर तर कुणीही बांधतो. पण ती "ये उद्यापासून" म्हणाली, कारण एव्हाना तिच्या डोक्यात दुसरंच शिजायला लागलं होतं.

तो आठ दुपारी आला. खाली चटईवर बसायचा, वहीत लिहायचा, कोमट पाण्याची बाटली बाजूला. जानकीबाई डोळ्यांत तेल घालून बघायची, कुठे मोबाईल चालू ठेवलाय का. नव्हता. मग तिला वाटायचं, खिशात असेल. एकदा तिने निशाला मुद्दाम चहा सांडायला लावला, म्हणजे तो उठेल आणि खिसे झटकेल. तो उठला, खिसे झटकले, आणि त्यातून निघाली घशाच्या गोळ्यांची पाकिटं. बाई ओशाळली, पण अर्धाच तास.

सात धवले तिने सरळ शिकवले. आठवा, तेलवणाचा. हळद लावतानाचा. तो असा होता:

पयली हळद कुनाला गो, शिवेवरच्या आईला गो,
दुसरी हळद कुनाला गो, मांडवाच्या उंबराला गो,
उरली हळद कुनाला गो, मांडवाखालच्या लेकीला गो.

उरली हळद लेकीला. म्हणजे आधी गावाच्या शिवेवरची देवी, मग उंबर, आणि त्यांच्या ताटातलं जे उरेल तो नवरीचा प्रसाद. या घराण्याचा सगळा जीव या एका शब्दात. जानकीबाईने तो उलटा शिकवला. पहिली हळद लेकीला, उरली हळद आईला. म्हणजे देवीला उष्टी हळद! याहून मोठी चूक धवल्यात होऊ शकत नाही. तिने मनाशी गणित मांडलं होतं: हा गाणार, गावोगाव वाजणार, म्हाताऱ्या बायका कान टवकारणार, आणि अख्खी पंचक्रोशी म्हणणार, बघा हो, बाळारामला देव कुठला आणि नवरी कुठली तेही कळत नाही. तुळजाआईचा सूड पुरा.

बाळाराम लिहिताना त्या ओळीवर थांबला. पेन वर धरून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"असंच हाय?"

"मग काय मी खोटं बोलतंय?"

"न्हाय, न्हाय," तो म्हणाला, आणि त्याने लिहून घेतलं.

रेकॉर्डिंग भिवंडीत, कल्याण रोडला, लूमच्या कारखान्यावरच्या माळ्यावर. खाली लूम चालू असले की वर माशीसुद्धा रेकॉर्ड व्हायची नाही, म्हणून शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, सगळे जमायचे. बाळारामने जानकीबाईलाही नेलं. "तुम्ही बरोबर बोलाल तेव्हाच पुढं जाऊ," म्हणाला. तिला वाटलं, अंगठा घेणार कशावर तरी. तिने दोन्ही हात पदराखाली धरले ते दिवसभर काढले नाहीत.

यंत्रावर माधवी नावाची मुलगी होती, कानाला हेडफोन. आणि दिघाशीचा अनंता, बँडमध्ये जन्म घालवलेला क्लॅरोनेटवाला. एवढीच वाजंत्री. बाळाराम डोळे मिटून गायला लागला आणि जानकीबाईच्या अंगावर काटा आला. तो आवाज कनाती हलवणारा नव्हता. फाटलेला, खरखरीत, पण एकेक शब्द जपून ठेवणारा. अनंताचं क्लॅरोनेट त्याच्यामागून दबकत यायचं, पाहुण्यांत आलेल्या गरीब नातेवाइकासारखं. तिला सासूची आठवण झाली. मग स्वतःचाच राग आला. असाच गोड लागतो हा, म्हणून तर सासू फसली!

आठवा धवला आला. "उरली हळद कुनाला गो, शिवेवरच्या आईला गो," बाळाराम गायला, आणि क्लॅरोनेट मध्येच बंद पडलं.

"ओ," अनंता म्हणाला. "देवीला उष्टी हळद? हे असं कसं? माझी आय उलटं म्हनायची."

माधवीने यंत्र थांबवलं. तिघांनीही जानकीबाईकडे पाहिलं. हीच वेळ होती. "हो रे बाबा, चुकलं माझं, वय झालं," एवढं म्हणाली असती तर सगळं सरळ झालं असतं. पण तिच्या मनात आलं, यांनी ठरवून विचारलं असेल. माझ्याकडून काढून घ्यायचं आणि मग हसायचं. तिने पदराखालचे हात आणखी घट्ट धरले.

"वैनींनी जसं शिकवलं तसंच," बाळाराम शेवटी म्हणाला. "त्यांच्या घराण्यात असंच असंल. तू वाजव."

होळीच्या आधी अल्बम मोबाईलवर आला. पहिल्याच चित्रावर मोठ्या अक्षरांत: धवले, राहनाळच्या जानकीबाईंकडून शिकलेले. बाळारामचं नाव खाली, बारीक. जानकीबाई आता वाट बघत बसली. आज कुणीतरी बोलेल, उद्या बोलेल.

फोन यायला लागले. "काय सुंदर गो जानकीबाय!" "रडूच आलं!" नारपोलीहून, काल्हेरहून, पार गणेशपुरीकडून. गोदामातले बिहारी हमाल भाविकला म्हणाले, "आपकी अम्मा का गाना सुना." एकीने तर आठवा धवला पूर्ण म्हणून दाखवला, उलटा, आणि विचारलं, "बरोबर म्हनलं का गो?"

कुणालाच कळलं नाही.

जानकीबाई ओटीवर बसून एकेक नाव आठवत राहिली. ही चूक पकडली असती अशी गोदू, ती गेली. सोनाळ्याची रूपा, गेली. पिंपळासची एक होती, तिला आता स्वतःच्या लेकाचं नाव आठवत नाही. चोर पकडायला सापळा लावला खरा, पण सापळा बघायला गावात माणूसच उरलं नव्हतं. अनंताला आईची एक ओळ आठवत होती, तेवढीच; म्हणजे आता या जगात अख्खा खरा धवला एकट्या तिच्या डोक्यात, आणि खोटा हजारो मोबाईलमध्ये, वर तिच्याच नावाने. तिला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचाच संशय आला.

बाळाराम साडी-नारळ घेऊन आला तेव्हा तिने त्याला बसूही दिलं नाही.

"खरं सांग. आठवा धवला चुकीचा हाय, हे तुला ठाऊक होतं?"

बाळाराम हळूच हसला. "तुळजाआईच्या तोंडून दहा वेळा ऐकलाय तो. उरली हळद लेकीला. मला झोपेतबी येतो."

"मेल्या, मग उलटा कशाला गायलास!"

"वैनी, मागं एकदा मी मनानं बदलला. तुळजाआईचं तोंड पुन्हा दिसलं न्हाय." त्याने मफलर सारखा केला. "तेव्हा कानाला खडा लावला. पुन्हा कुनी शिकवलं तर दिलं तसं घ्यायचं, आपलं शहानपन न्हाय. तुम्ही खोटं दिलंत, खोटं घेतलं. मला वाटलं, सांगाल कधीतरी. सोमवारी ऑपरेशन हाय. अजून तीन दिवस आवाज हाय. उद्या शुक्रवार हाय, तुम्ही बोलाल तर उद्याच सरळ गातो."

किती सोपं होतं! पण सवय म्हणजे वाईट चीज. जानकीबाईच्या डोक्यात तेच जुनं चाक फिरलं: हा माझ्या तोंडून कबूल करून घेतोय. उद्या गावभर सांगेल, धवलारीण खोटारडी.

"मी शिकवला तोच बरोबर," ती म्हणाली.

बाळारामने साडी तिच्यापुढे ठेवली. मग नारळ देव्हाऱ्याजवळ ठेवून निघून गेला. सोमवारी त्याचा घसा कापला.

वैशाखात नातीचं लग्न. उन्नती, भाविकची थोरली, भिवंडीच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. तिने बापाला ठणकावून सांगितलं होतं, "माझ्या हळदीला डीजे रात्री वाजवा. चार वाजता आजीचे धवले, सगळे, पहिल्यापासून." जानकीबाईला तिच्या लग्नात पंधरा मिनिटं नाही, अख्खी दुपार मिळणार होती. अल्बममुळेच. दुसरं काय?

मांडवात शंभरेक बायका. पाटावर उन्नती. पुरुषांच्या बाजूला खुर्चीत बाळाराम, गळ्याला पट्टी, डॉक्टरने दोन महिने चकार शब्द काढायचा नाही म्हणून सांगितलेलं. तेलवणाची वेळ झाली आणि जानकीबाईने तोंड उघडण्याआधीच बायकांनी धवला सुरू केला! सगळ्यांना पाठ. नव्या सुना, कॉलेजच्या पोरी, सगळ्या तिच्याकडे बघून गात होत्या, आजी खूश होईल म्हणून. पयली हळद लेकीला गो. आणि धवला म्हणेल ते हाताने करायचं, ही रीतही तिनेच पन्नास वर्षं घालून दिलेली. पाच सवाष्णी ताट घेऊन सरळ उन्नतीकडे निघाल्या. शिवेवरच्या आईसाठी ठेवलेली वाटी कोरडीच.

"थांबा!" जानकीबाई ओरडली. "हात लावू नका तिला! आधी आईला. मग उंबराला. उरली ती लेकीला."

सवाष्णी एकमेकींकडे बघायला लागल्या. "आजी, तुमच्याच धवल्यात असं हाय," एक म्हणाली. दुसरीने मोबाईल काढून लावला. बाळारामचा आवाज मांडवात घुमला, उलटा.

"तो चुकीचा हाय. मी मुद्दाम चुकीचा शिकवला. बाळारामचं हसं व्हावं म्हणून." ती एकेका सवाष्णीकडे वळून बोलत होती. "त्याची काय चूक न्हाय. मी खोटं बोललंय."

 आणि मग काय झालं असेल? शिव्या? नाही. बायकांच्या तोंडावर दया आली. "दमलीय बिचारी," मागून कुणी म्हणालं. "वय झालं." निशाने खांद्यावर हात ठेवला, "आई, पाणी घ्या. घरात चला जरा." जानकीबाईने बाळारामकडे बोट केलं, "त्याला विचारा!" बाळाराम उठून उभा राहिला, जोरजोरात मान हलवू लागला, हो, हो. पण नुसत्या मानेला कोण विचारतो? "बघा, म्हातारीचं मन राखतोय," त्या म्हणाल्या. "गुणी माणूस."

जन्मभर तिने कुणाचं खरं मानलं नव्हतं. आज ती खरं बोलत होती आणि शंभर बायका प्रेमाने तिला खोटं ठरवत होत्या. सवाष्णी पुन्हा पाटाकडे वळल्या. जानकीबाईला रडू फुटलं, सगळ्यांदेखत, लहान मुलासारखं.

तेवढ्यात उन्नती पाटावरून उठली. हळदीला बसलेल्या नवरीने पाट सोडायचा नसतो आणि तोंडही उघडायचं नसतं. तिने दोन्ही केलं. समोरच्या बाईच्या हातातला मोबाईल घेऊन बंद केला.

"आजी, पहिल्यापासून सांगा. मी म्हणते तुमच्यामागे."

"नवरी गात न्हाय गो," जानकीबाई डोळे पुसत म्हणाली.

"मग दुसरं कोण गाणार?"

जानकीबाईने मांडवभर पाहिलं. खरा धवला म्हणेल असा एकही चेहरा नव्हता. ती उभी राहिली, नातीचा हात धरला आणि सुरुवात केली. पयली हळद कुनाला गो. उन्नतीच्या तोंडून अल्बमचंच निघालं, लेकीला गो. "न्हाय!" जानकीबाईने हात दाबला. पुन्हा. पुन्हा तेच. बायका उभ्याच होत्या. बाळाराम खुर्चीतून पुढे आला आणि ओठ हलवून, आवाजाशिवाय, तिला शब्द दाखवू लागला.

तिसऱ्यांदा उन्नती बरोबर म्हणाली. मागच्या दोघी-चौघींनी ओळ उचलली, आणि हळदीचं ताट शिवेकडे निघालं.